वाळवी लागलेली तसबीर

"मंडळी, हात उपरण्यातून बाहेर काढा! लिलाव आहे हा, श्राद्ध नाही!"

रत्नागिरीतला प्रत्येक लिलाव या वाक्याने सुरू व्हायचा. पुकारणारे गृहस्थ जेमतेम पाच फुटांचे, पण खुर्चीवर चढले की आगबोटीचा भोंगा वाजल्यासारखं वाटे. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. कशातलंच काही कळत नसल्यामुळे त्याला कशावरही बोलता येतं.

मी तेव्हा एका वकिलांकडे कारकून होतो. कोणती वस्तू कोणी घेतली ते लिहायला मला लिलावात बसवत. या पुकारणाऱ्यांच्या थापा मी शेजारच्या स्टुलावरून ऐकल्या आहेत. एकदा पितळी पिकदाणी त्यांनी 'नवाबी फुलदाणी' म्हणून खपवली. शाळेच्या हेडमास्तरांनी ती घेतली आणि वर्षभर तीत गुलाब ठेवले.

त्यांचा सगळ्यांत मोठा लिलाव एका लाकडाच्या व्यापाऱ्याच्या बंगल्यात झाला. हा व्यापारी रंगूनहून परत आलेला. लग्न केलं नाही; सागवानी कपाटं, बिलोरी आरसे, तैलचित्रं, पुतळे जमवत राहिला. तो वारला आणि मुंबईच्या पुतण्याने सगळं विकायला काढलं. 'त्या घरी पाणीसुद्धा पिऊ नये' असं जन्मभर सांगत आलेले झाडून सगळे प्रतिष्ठित त्या दिवशी नऊच्या आत पहिल्या रांगेत हजर. पाणी न पिण्याचं कारण म्हणजे घरातली स्वयंपाकीण. नाटे गावची विधवा बाई, वीस वर्षं त्याच घरात राहिलेली.

आधी एक संगमरवरी बाई निघाली. अंगावर वस्त्र बेताचंच. सगळे टक लावून बघत होते, पण हात कोणी वर करीना. आमच्या गृहस्थांनी खांद्यावरचं उपरणं काढून तिला पांघरलं आणि ओरडले, "लक्ष्मी! साक्षात लक्ष्मी!" लगेच तीन हात वर झाले. देवळाच्या एका पंचाने ती नेली, उपरण्यासकट.

दुपारी एक तसबीर पुढे आली. चुलीपुढे नारळ खवत बसलेली, मान वर करून हसणारी तीच स्वयंपाकीण. बंगल्यावर पाहुणा आलेल्या एका चित्रकाराने काढलेली.

"ही मीच घेणार," पहिल्या रांगेतले सावकार म्हणाले. "दिवाणखान्यात लावतो. येणाऱ्याजाणाऱ्यांची करमणूक होईल!"

हशा पिकला. मागच्या दारात ती बाई बोचकं घेऊन उभी होती. संध्याकाळी तिला घर सोडायचं होतं. तिने पदर तोंडावर ओढला.

आमच्या गृहस्थांनी तसबीर उलटी केली. बराच वेळ मागची बाजू बघत राहिले.

"सावकार, हिला वाळवी आहे."

"बघू?"

"बघा की. पण हात लावलात तर सदऱ्यातून घरी येईल. मग तुमच्या तुळयांचं मी काही सांगत नाही."

सावकारांनी हात मागे घेतला.

"कारकून, लिहा. खराब माल, टाकून दिला." मग दाराकडे वळून, "बाई, हा कचरा बाहेर न्यायचा आहे. नेतेस काय गो?"

"नेत्ये," ती म्हणाली. तसबीर छातीशी धरून, चित्र आतल्या बाजूला करून, ती गेली.

मी हातभर अंतरावर होतो. चौकट स्वच्छ होती.

ते पुतण्यालाही पुढे कळलं. पिकदाण्या फुलदाण्या करून विकल्या तेव्हा कोणी काही म्हणालं नव्हतं. आता मात्र सावकारांनी गावभर सांगितलं की माणूस खोटारडा आहे. आमच्या वकिलांनी काम काढून घेतलं. गृहस्थ जयगडला गेले आणि जुनी शिडं, नांगर, दोरखंड पुकारू लागले. मी एकदा मुद्दाम भेटायला गेलो. घसा पार बसला होता.

"वाळवी नव्हती हो त्या तसबिरीला," मी म्हणालो.

"कारकून, तुम्हाला चित्रातलं काय कळतं?" एवढंच म्हणाले आणि चहा मागवला.

पुढे कचेरीच्या कामाने नाटे गावी जाणं झालं. त्या बाईचं घर विचारत गेलो. चुलीवरच्या भिंतीला तसबीर टांगलेली, धुराने काळवंडलेली. बाईने मला ओळखलं. पाणी दिलं, ते मी प्यायलो.

"ते मोठ्याने ओरडणारे बरे आहेत ना?" तिने विचारलं.

त्यांना वारून तेव्हा आठ महिने झाले होते.

"बरे आहेत," मी म्हणालो.