चिंध्यांचं पोतं

जानेवारीतला एक रविवार, सकाळचे साडेसहा, पर्वत पाटियाच्या आमच्या सोसायटीची गच्ची; हजर मी, माझी वहिनी, शेजारच्या काकू आणि व्यायाम शिकवणाऱ्या बेन. नव्या साडीच्या खळीचा वास आला की ती सकाळ आठवते, कारण ठोसे मारायला टांगलेलं पोतं साड्यांच्या चिंध्यांनीच भरलेलं होतं. शंभर ठोसे मारायचे होते आणि साठालाच माझे हात गळाले. "दम सरला ने, की ज्याचा राग येतो त्याचं तोंड समोर आणा," बेन म्हणाल्या. काकूंनी सासूला बडवलं, मी पाणी वेळेवर न सोडणाऱ्या वॉचमनला, आणि आम्ही हसत सुटलो. वहिनी हसली नाही. शंभर झाले तरी ती मारतच राहिली. पोतं उसवलं, तिच्या बोटांची सालं निघाली, चिंध्यांना रक्त लागलं. "बस कर गं, कोण आहे एवढं?" म्हणत मी तिची बाही धरली, ती वर सरकली, तर दंडावर चार बोटांचे काळेनिळे वळ. "तुमचे भाऊ," ती म्हणाली, "सोडा ताई, अजून दम आहे." पोतं मी त्याच दुपारी शिवलं आणि माझ्या वहीतल्या कामांच्या यादीत त्यावर टिक केली, त्याखालचं 'दादाशी बोलणे' मात्र दर महिन्याला नव्या पानावर उतरवून घेते.