म्हशीच्या गळ्यातली साखळी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कुणी विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी दाजींचं नाव घेईन. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. होटगीच्या पलीकडं त्यांचं गाव आहे. हंगामात ट्रॅक्टरला दोन ट्रेलर जोडून ते कारखान्यावर ऊस वाहतात. वाहायचे, असं आता लिहायला हवं.

आमच्या गावात दहावीच्या पुढं शाळा नव्हती, म्हणून दाजी मला आपल्या घरी घेऊन गेले. अकरावी-बारावी आणि सोलापुरातल्या कॉलेजची तीन वर्षं मी त्यांच्या घरी जेवलो. बारावीला मार्क कमी पडले तेव्हा त्यांचे वडील म्हणाले, "दुसऱ्या ट्रॅक्टरवर बसवा की त्याला. गडी धडधाकट हाय."

"ह्याच्या हातात स्टेअरिंग द्यायचं न्हाय," दाजी म्हणाले. "ह्यानं पेन धरायचा."

त्या पेनानं मी काय केलं, ते मला इथं लिहायचं आहे.

आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. पदवीनंतर एका साखर कारखान्याच्या ऊसवाहतूक विभागात मला नोकरी लागली. हंगामाच्या आधी आवारात रांगेनं उभे राहिलेले ट्रेलर तपासून फॉर्म भरायचा, हे माझं काम होतं. ट्रेलरची नोंदणी आणि विमा, मागं वाचता येईल असा नंबर, चालकाचा परवाना, लाल दिवे, रिफ्लेक्टरची पट्टी, ब्रेक, ट्रेलर जोडणारी पिन आणि तिची क्लिप, असं एकेक बघायचं. फॉर्ममधला शेवटचा रकाना साखळीचा होता. पिन निसटलीच, तर ट्रेलरला धरून ठेवायला ही जाड लोखंडी साखळी लावलेली असते. ती नसेल तर गाडीला ऊस भरायची परवानगी मिळत नाही. हा नियम मी कित्येकांना ऐकवला होता आणि कित्येकांना परत पाठवलं होतं.

गेल्या हंगामाच्या तोंडावर दाजींची गाडी माझ्यासमोर आली. ट्रॅक्टरला झेंडूची माळ होती, पुढं लिंबू-मिरची होती. नारळ फोडून ते थेट घरून आले होते. मागच्या ट्रेलरजवळ मी वाकून बघितलं.

"दाजी, साखळी कुटं हाय?"

"म्हशीच्या गळ्यात."

रांगेतले सगळे हसले. मागच्या गाडीचा चालक ओरडला, "मग म्हशीला तर पास करा, साहेब!"

"हसताय काय?" दाजी म्हणाले. "दोनदा दावं तोडून पळाली ती. तुमच्या अक्कानं सगळं गाव हुडकलं. ट्रेलर कुटं पळून जातोय व्हय? उद्या आणून लावतो की, मेव्हणं. लिवा तुमी."

मी लिहिलं. साखळी : आहे. खाली सही केली. दुसऱ्या कुणाला मी असं लिहून दिलं नसतं. ज्यांनी मला पेन धरायला लावला, त्यांना रांगेतून परत कसं पाठवायचं, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात होतं. दुसऱ्या दिवशी ऊसतोड सुरू झाली. साखळी आणायची त्यांच्याकडून राहिली आणि विचारायचं माझ्याकडून राहिलं.

डिसेंबरातल्या एका दुपारी, रेल्वेपुलाच्या चढावर मागचा ट्रेलर सुटला. पिनेची क्लिप आदल्या दिवशीच मोडली होती. तिच्या जागी दाजींनी बांधायची तार पिळून घातली होती, ती खड्ड्यात तुटली आणि पिन उडाली. उसानं भरलेला ट्रेलर हळूहळू मागं सरकू लागला. आमच्याकडं गाडी चढावर थांबली, की चालक आधी उतरून चाकामागं दगड लावतो. हातांना तसं वळणच पडलेलं असतं. दाजींनी ट्रॅक्टरचा हँडब्रेक ओढला, उडी मारली आणि दगड घेऊन सुटलेल्या ट्रेलरमागं धावले. दगड चाकाखालून निसटला आणि पाय आत गेला. ट्रेलर मागं जाऊन कठड्याला अडला. दुसऱ्या कुणाला काही झालं नाही. दाजींचा उजवा पाय मात्र गुडघ्याखाली काढावा लागला.

चौथ्या दिवशी कारखान्याचे दोन अधिकारी सोलापुरातल्या दवाखान्यात जबाब घ्यायला आले. मी कॉटच्या पायाशी उभा होतो. त्यांच्या हातात माझ्या सहीचा फॉर्म होता.

"साखळी होती ना?"

"व्हती," दाजी म्हणाले. "लई खडखड वाजायची, म्हणून वाटंत मीच काढून टाकली. मेव्हण्यानं बगूनच सही केली हाय."

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. ते गेल्यावर मी कॉटजवळ गेलो, तर दाजींनी आधीच हात वर केला.

"बोलायचं न्हाय. तुजी नोकरी गेली, तर माजा पाय फुकट गेला."

अहवालात चालकाचा निष्काळजीपणा असं आलं. आवारात तरणे चालक बोलू लागले, की म्हाताऱ्यानं मस्तीत साखळी काढून फेकली. पंचवीस हंगामांत ज्यांनी कुणाच्या गाडीला ओरखडा काढला नव्हता, त्यांच्याबद्दल हे बोलणं मी टेबलाशी बसून ऐकत होतो. अक्कानं म्हशीच्या गळ्यातली साखळी काढून परसात टाकली. म्हशीला आता दावं आहे. त्या साखळीला घरात कुणी हात लावत नाही.

फोनवर मी विषय काढला, की दाजी म्हणत, "रेंज न्हाय." समोर बोलायला गेलो, की अक्काला चहा टाकायला सांगत. म्हणून मी पत्र लिहिलं. दाजी चारच इयत्ता शिकलेत. घरातले कागद त्यांना अक्काच वाचून दाखवते, आणि दुखेल ते गाळते.

तीर्थरूप दाजींना, साष्टांग नमस्कार.

काल मी कारखान्यात लेखी जबाब दिला. तपासणीच्या दिवशी साखळी नव्हती, हे मला माहीत होतं आणि तरी मी 'आहे' लिहिलं, असं त्यात लिहिलं आहे. तुम्ही मला वाचवायला खोटं बोललात, तेही लिहिलं आहे. साहेबांनी कागद वाचून पालथा ठेवला आणि मला घरी जायला सांगितलं. पुढं काय होईल ते मला माहीत नाही.

नोकरी गेली तर पाय फुकट गेला, असं तुम्ही म्हणालात. मी रोज त्यावर विचार केला. पण दर हंगामात तोच रकाना माझ्यासमोर येणार, आणि तिथं तुमच्या नावावर माझी चूक ठेवून मला दुसऱ्यांच्या गाड्या अडवता येणार नाहीत. तुटकी क्लिप तुमची, साखळी माझी. माझ्या वाटचं तुम्ही उचलू नका. आजवर खूप उचललंत.

त्या दिवशी तुम्हाला रांगेतून परत पाठवलं असतं, तर तुम्ही दोन दिवस रागावला असता. तेवढं मला सोसवलं नाही.

परसातली साखळी टाकून देऊ नका. रविवारी येऊन मी ती ट्रेलरला बसवणार आहे, मग ट्रॅक्टर कुणीही चालवो. तुम्ही ओट्यावर बसून सांगा, कुठला बोल्ट किती आवळायचा ते.

अक्का, मधलं काही गाळू नकोस. सगळं वाच.