अप्पा आणि मॅडमचा रविवार

लॉकडाउनच्या पहिल्या वसंतात माझे वडील शेजारणीशी बोलायला लागले आणि मला त्याचा राग यायला लागला. खरं तर तो मत्सर होता, पण तो शब्द मी बरेच महिने स्वतःशीसुद्धा वापरला नाही.

आई आणि अप्पा त्या हिवाळ्यात कोल्हापूरहून आमच्याकडे आयर्लंडमध्ये, लिमरिकला आले होते. मार्चच्या शेवटी परत जायचं होतं, तर विमानंच बंद झाली. मी इथल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. नवरा सॉफ्टवेअरमधला, तो वरच्या खोलीचं दार लावून दिवसभर मीटिंगा करायचा. सत्तरी ओलांडलेल्यांनी घरातच थांबावं असं सरकारने सांगितलं होतं, त्यामुळे अप्पांना उरलं होतं मागचं अंगण. हिरवळीचा एक तुकडा, कपडे वाळत घालायची दोरी आणि छातीएवढी भिंत. भिंतीपलीकडे एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. वयाने अप्पांच्याच बरोबरीच्या, नवरा गेलेला, मुलं लांब. आम्ही त्या घरात राहायला येऊन चार वर्षं झाली होती आणि आमचं त्यांच्याशी बोलणं हवेच्या पुढे कधी गेलं नव्हतं. ‘आज ऊन बरं आहे.’ ‘हो, ग्रँड आहे.’ संपलं.

अप्पांनी ती हद्द एका दुपारी ओलांडली. पलीकडे रेडिओवर कुणीतरी जीव तोडून कॉमेंट्री करत होतं. जगातले सगळे सामने बंद असताना हा कुठला सामना चाललाय, म्हणून अप्पा भिंतीशी गेले आणि बँकेत पत्रं लिहिताना वापरायचे त्या इंग्रजीत म्हणाले, “एक्स्क्यूज मी मॅडम, काइंडली टेल, व्हिच गेम?” तो जुना सामना होता, हर्लिंगचा. पसरट लाकडी काठीने चेंडू मारत पळायचा इथला खेळ. मॅडम आत जाऊन काठी घेऊन आल्या आणि ती लांबूनच धरून दाखवली. मी संध्याकाळी घरी आले तेव्हा अप्पा जेवताना आईला हातातल्या चमच्याने तो खेळ समजावून सांगत होते.

मग रविवार ठरून गेला. सकाळी अकराला अप्पा खुर्ची आणि चहाचा थर्मास घेऊन बाहेर, पलीकडे मॅडम त्यांच्या खुर्चीत, मध्ये भिंत आणि नियमाप्रमाणे अंतर. आठवड्यात खेळांच्या जगात जे काही झालं त्याचा निकाल तिथे लागायचा. काहीच होत नव्हतं त्या आठवड्यांतही त्यांना विषय कमी पडला नाही. इंग्लंडची फुटबॉल लीग प्रेक्षकांशिवाय पुरी करावी का? कॉलेजच्या शेवटच्या वर्षातल्या खेळाडूंचं काय, त्यांचं वर्ष तर परत येणार नाही. यावर अप्पा तासभर बोलले. हर्लिंगवाल्यांना पैसे मिळत नाहीत, ते सोमवारी शाळेत शिकवायला नाहीतर वायरिंगच्या कामाला जातात, हे ऐकून ते अस्वस्थच झाले. “पैसे घेतले की माणूस जबाबदारीनं खेळतो,” हे अप्पांचं म्हणणं. “पैसे घेतले की माणूस निघून जातो. आमची पोरं आमच्याच गल्लीत राहतात,” हे मॅडमचं. त्यावर अप्पांनी कोल्हापूरची कॉलेजची पोरं सांगितली, जी एकाच आठवड्यात कॉलेजकडून आणि पेठेतल्या तालमीच्या संघाकडून फुटबॉल खेळतात आणि पंचविशीत गुडघे गमावतात. मॅडम म्हणाल्या, इथेही तेच आहे. कॉलेजचा कोच एकीकडे ओढतो, काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याच्या संघाचा, दुसरीकडे.

हे सगळं मला माहीत आहे, कारण रात्रपाळी करून आले की मी मागच्या खिडकीशी उभी राहून ऐकायचे. झोपायला हवं असायचं, पण पाय निघायचा नाही. आणि एका रविवारी मी अप्पांना म्हणताना ऐकलं, “व्हॉट इज युवर ओपिनियन, मॅडम?”

हे वाक्य आमच्या घरात कधी कुणी ऐकलं नव्हतं. कोल्हापुरात रविवारी सकाळी अप्पांचे मित्र आमच्या दारातल्या कट्ट्यावर जमायचे. आठवड्यातले तालमींचे सामने, कॉलेजांचे सामने, रेफ्रीची अक्कल, सगळं तिथे निघायचं. आई आतून चहा पाठवायची आणि तो घेऊन जाणारी मी. भाऊ अप्पांबरोबर स्टेडियमवर जायचा आणि कंटाळून यायचा. मी कधी गेले नाही, पण परत आलेल्या भावाला खोदून खोदून विचारून सगळा सामना मनात उभा करायचे. बारा-तेरा वर्षांची असताना एकदा कपांचा ट्रे ठेवता ठेवता मी बोलून गेले, की गोलकीपर पुढे आला ते बरोबरच होतं, चूक बॅकची होती. कट्टा हसला. अप्पाही हसले आणि म्हणाले, “तुला काय कळतंय त्यातलं? जा आत.” मी आत गेले. पुढे अभ्यास, मेडिकल, लग्न, परदेश. त्या विषयावर अप्पांशी मी परत बोलले नाही आणि त्यांच्याही ते लक्षात आलं नाही.

आणि आता ते एका बाईला विचारत होते, मॅडम, तुमचं मत काय.

मी आईकडे कुरकुर केली. ती वाटाणे सोलत होती. म्हटलं, “तुला काही वाटत नाही? तुझ्याशी कधी इतकं बोललेत का ते?”

“देवाची कृपा,” आई म्हणाली. “एवढी वर्षं मी ऐकलं. आता ती ऐकू दे.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “तुझं काय दुखालंय?”

“काही नाही,” मी म्हटलं.

उन्हाळा गेला आणि ऑक्टोबरात हर्लिंगचे सामने रिकाम्या स्टेडियममध्ये सुरू झाले. मी काय केलं, तर डबा खाताना मोबाइलवर सामने बघायला लागले. नियम वाचले, खेळाडूंच्या जागा पाठ केल्या. वॉर्डातल्या एका लिमरिकच्या नर्सकडून बारकावे विचारून घेतले. मग एका रविवारी चहाचा कप घेऊन भिंतीशी गेले आणि आदल्या दिवशीच्या सामन्याबद्दल तयार करून आणलेलं मत सांगितलं, की दुसऱ्या हाफमध्ये मधल्या फळीत बदल उशिरा केला. मत वाईट नव्हतं. मॅडम म्हणाल्या, “असेल, असेल.” अप्पांनी मात्र माझ्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघितली. “दमून आलीयस,” ते म्हणाले. “जा, आत जाऊन झोप.” आणि मॅडमकडे वळून अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं.

ते काळजीने म्हणाले, हे मला कळत होतं. तरी आत येऊन मी कप इतक्या जोरात ठेवला की कान तुटला.

डिसेंबरात लिमरिक हर्लिंगची फायनल जिंकलं. कॉलनीभर हिरवे झेंडे लागले. आईने शिरा केला आणि मॅडमच्या दारात डबा ठेवायला मला पाठवलं. मी मागे सरकून उभी राहिले, त्या दार उघडून डबा उचलायला वाकल्या आणि म्हणाल्या, “तुझे वडील म्हणजे भारी क्रॅक आहेत. त्यांच्यामुळे हे वर्ष निघालं माझं.” क्रॅक म्हणजे इथे मजा, गप्पांची रंगत.

मला राहवलं नाही. म्हटलं, “नशीबवान आहात. आमच्या घरात बायकांना खेळातलं कळत नाही असं ते मानतात.”

मॅडम हसल्या. “मलाही म्हणाले होते की. पहिल्याच आठवड्यात. मी म्हटलं, मी कॉलेजच्या टीमकडून खेळलेय आणि पुढे मुलींची टीम उभी केलीय. मूर्खासारखं बोलायचं असेल तर खुर्ची उचला आणि आत जा.”

“मग?”

“मग काय, खुर्ची जागची हलली नाही. नंतर विचारलं, तुम्ही कुठल्या जागी खेळायचात.”

मी घरी परत आले ती जास्तच जळत. जे मला इतक्या वर्षांत मिळालं नाही ते या बाईने एका वाक्यात वसूल केलं होतं. मी तेव्हा लहान होते, मला तसं बोलता आलं नसतं, हे खरं. पण तिशी ओलांडल्यावर, चार-चार लोकांना वॉर्डात ऑर्डरी देताना? तेव्हाही मी कधी तसं म्हटलं नव्हतं.

जानेवारीत भारत ब्रिस्बेनची कसोटी जिंकला. महिन्याभरापूर्वी याच दौऱ्यात आपण छत्तीस धावांत गुंडाळलो गेलो होतो. अप्पा पहाटेपासून टीव्हीसमोर होते. मला सुट्टी होती, मी शेजारी पांघरूण घेऊन बसले. शेवटचा चौकार गेला तेव्हा बाहेर नीट उजाडलंही नव्हतं. अप्पांनी डोळे पुसले आणि पहिलं वाक्य बोलले ते असं, “आता मॅडमला हे कसं समजवायचं?”

“अप्पा,” मी म्हटलं, “मी इथे बसलेय.”

“हां, मग?”

“मला समजवायला लागत नाही. मला कळतं. मला कधी विचारलंत का तुम्ही, तुझं मत काय म्हणून?”

ते गोंधळले. त्यांनी रिमोट हातात घेतला, परत ठेवला. आई स्वयंपाकघरातून दाराशी येऊन उभी राहिली.

“तुला काय विचारू?” शेवटी ते म्हणाले. “तू रोज तिथं काय बघून येतीस ते मला माहीत नाही व्हय? माणसं जाताना बघतीस. तुला मी कुणाचा कॅच सुटला ते विचारू?”

“हे आत्ताचं झालं. मी लहान असताना कुठे बघत होते हे सगळं?”

अप्पांनी टीव्हीचा आवाज कमी केला. “तवा तसंच होतं गं,” म्हणाले. पुढे काही नाही. चुकलं वगैरे नाही. मीही ताणून धरलं नाही, आईने चहा आणला तो आम्ही प्यायलो. पण त्या सकाळी ते लगेच अंगणात गेले नाहीत. नाश्त्यापर्यंत आम्ही दोघं पाचव्या दिवसाची फलंदाजी घेऊन बसलो. मी म्हटलं, चहापानानंतर ड्रॉसाठी खेळायला हवं होतं. ते म्हणाले, भित्री आहेस. आम्ही भांडलो. मला फार बरं वाटलं, आणि नाश्ता संपताच अप्पा टोपी चढवून भिंतीशी गेले तेव्हा ते बरं वाटणं निम्मं उरलं.

लसी झाल्या, विमानं नीट सुरू झाली आणि दुसऱ्या वर्षी शरद ऋतूत आई-अप्पा कोल्हापूरला परतले. निरोप द्यायला मॅडम पहिल्यांदाच आमच्या घरात आल्या. त्यांनी अप्पांना लिमरिकचा हिरवा शर्ट दिला. आईने त्यांना साडी दिली. मी फोटो काढले.

आता रविवारी अप्पा मॅडमना व्हिडिओ कॉल करतात. दोन घरांमधली भिंत पातळ आहे, माझ्या स्वयंपाकघरात त्यांचा आवाज येतो. माझा फोन त्यानंतर. त्यात जेवलीस का, थंडी किती, जावईबापू कसे आहेत. मध्ये एकदा मात्र माझाच फोन आधी वाजला. मॅडम उचलत नाहीत, बऱ्या आहेत ना, हे विचारायला. मी खिडकीतून बघून सांगितलं, की गाडी नाहीये, चर्चला गेल्या असतील.

“बरं,” अप्पा म्हणाले. पण फोन ठेवला नाही. “काल फुटबॉलची मॅच बघितलीस?”

बघितली होती. मी सुरुवात केली. बचावाची ओळ फार पुढे ठेवली, असं माझं म्हणणं. अप्पा म्हणाले, खुळी हैस, ओळ बरोबर होती, पोरगं पळायला कमी पडलं. मी म्हटलं, पोरगं आठवड्यात तीन सामने खेळलंय, पळेल कुठून? ते म्हणाले, हे मात्र बरोबर बोललीस. मी ओट्याला टेकून उभी होते, गॅसवर भाजी लागत होती, ती मी लागू दिली. मला अजून पेनल्टीबद्दल बोलायचं होतं.

“थांब,” अप्पा मध्येच म्हणाले. “मॅडमचा फोन येतोय.”

आणि त्यांनी ठेवला.