तीन मात्रा कमी

निकम सरांची कविता मी बंद पाडली.

आज सकाळी सर गेले. आता हे सांगून टाकते.

काष्टीला शाळेत ते आम्हाला मराठी शिकवायचे. नववीत असताना एकदा त्यांनी फळ्यावर वसंत ऋतूची आठ ओळींची कविता लिहिली. खाली कवीचं नाव नाही.

"वृत्त ओळखा, यमकं दाखवा, आन कुठला शब्द दोनदा आलाय, का आलाय, ते लिहा."

मी वर्गातली अतिशहाणी. अक्षरांवर लघु-गुरूच्या खुणा करायला बसले की डबा खायचंसुद्धा भान नसायचं.

ओळीला सोळा मात्रा. वृत्त पादाकुलक. सगळं चोख.

फक्त सहाव्या ओळीवर माझी पेन्सिल थांबली.

*फांदी तुटली, तरी न हरते*
*पुन्हा पुन्हा ते झाड बहरते*

मी लिहिलं, 'यमक ठीक. पण सहाव्या ओळीत कवीला तीन मात्रा कमी पडल्या, म्हणून "पुन्हा" दोनदा घातलंय. हे भरताड आहे. कवी कच्चा आहे.'

सरांनी उत्तर वर्गात मोठ्यानं वाचलं. दहापैकी दहा मार्क.

"पकडला गेला बरं का कवी!" म्हणाले. सगळा वर्ग हसला. सरही हसले.

आठवडाभर माझी कॉलर ताठ.

पुढे मीही शिक्षिका झाले. पेढे द्यायला सरांच्या घरी गेले, तेव्हा काकू सहज बोलून गेल्या, "ती कविता ह्यांचीच हुती की गं. तुजा पेपर तपासला, आन कवितेची वही कपाटात ठिवली ती भाईर काढलीच न्हाई."

पेढ्यांचा बॉक्स हातातच राहिला.

त्यानंतर कितीदा तरी गेले, चहा प्यायले, गप्पा मारल्या. विषय काढायची हिंमत झाली नाही. एका माणसाचं लिहिणं आपण थांबवलं, हे मनातून जाईना.

गेल्या महिन्यात सरांनी अंथरूण धरलं. तेव्हा मात्र विचारलंच.

"सर, माझ्यामुळे लिहायचं सोडलंत ना?"



"अगं, मात्रा कमीच पडत हुत्या. लई शोधलं, दुसरा शब्द घावला न्हाई. आन माज्याकडं आठच वळी हुत्या पोरी. संपल्या."

"मग वही का ठेवून दिलीत?"

"ज्याला दाखवली त्यो म्हनायचा, छान हाय सर. वाचली कुनीच न्हाई. तू अक्षर न् अक्षर मोजलंस. तुजा पेपर आत घातला, आन मंग ठिवली."

मी खूप रडले. सर म्हणाले, "चहा घे, गार हुतोय."

आज दुपारी स्मशानभूमीत रीतीप्रमाणे भाषणं झाली. सरपंच बोलले, चेअरमन बोलले. दोघांच्याही भाषणात तीच 'कधीही भरून न निघणारी पोकळी'.

मग काकूंनी ती वही माझ्या हातात दिली. "तू वाच."

पाच ओळी नीट वाचल्या. सहाव्या ओळीत 'पुन्हा पुन्हा' म्हटलं आणि पुढे आवाजच फुटेना. कसाबसा फुटला, तर परत 'पुन्हा'च आलं.

एकोणीस मात्रा झाल्या. वृत्त मोडलं.

एवढ्या गर्दीत कुणाच्याही लक्षात आलं नाही.

सरांच्या लगेच आलं असतं.

भरल्या मनाने नमस्कार, सर.