पिंजऱ्यातली मादी आणि लंगडणारा बिबट्या

पिंजऱ्यात आलेला बिबट्या भलताच आहे, हे मला तो चालायला लागल्यावर कळलं.

चाळीसगावजवळच्या त्या मळ्यात सगळं गाव जमलं होतं. दोनच दिवसांपूर्वी मळ्याचे मालक आबा यांचा गोऱ्हा बिबट्याने मारला होता. अभ्यासासाठी आम्ही मळ्यात लावलेल्या कॅमेऱ्यात त्याचा व्हिडिओ होता, पण अंगावरचे ठिपके पुसट आले होते. बिबट्याची ओळख ठिपक्यांवरूनच पटवतात. प्रत्येकाचे निराळे असतात.

मी मात्र पाय बघत होतो. वाइल्डलाइफ रिसर्चमध्ये येण्याआधी मी पुण्यात अ‍ॅनिमेटर होतो. जनावराचा कुठला पाय कधी टेकतो, भार कुठे जातो, हे फ्रेममागून फ्रेम काढण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. व्हिडिओतला बिबट्या मागचा डावा पाय टेकवताच उचलत होता. पिंजऱ्यातली मादी चारही पाय व्यवस्थित टाकत होती.

आमच्या प्रोजेक्टच्या सरांना मी बाजूला घेतलं. वनखात्याची माणसं त्यांच्याच मतासाठी थांबली होती.

"सर, हा तो बिबट्या नाही."

"कशावरून?"

"चालीवरून."

"ठिपके जुळवून दाखव."

"दिसतच नाहीत, सर."

"मग रिपोर्टमध्ये काय लिहू? आमचा कार्टूनवाला म्हणतो म्हणून?"

चांगली नोकरी सोडून, निम्म्या पगारावर, पुन्हा ज्युनियर होऊन मी इथे आलो होतो. 'कार्टूनवाला' हा शब्द फार लागला. मी विषय सोडला.

आबा मागेच उभे होते. खरा बिबट्या मग कुठे आहे, हे त्यांनी अहिराणीत विचारलं. "हाऊ तो नही, मंग तो कोठे शे?"

"आबा, निर्धास्त राहा," सर म्हणाले. वनखात्याची गाडी मादीला त्यांच्या केंद्रात घेऊन गेली. आबांनी बकऱ्या पुन्हा अंगणात बांधायला सुरुवात केली.

आठवडाभरात दोन बकऱ्या गेल्या. या वेळी व्हिडिओ स्वच्छ होता. ठिपके त्या मादीचे नव्हते, आणि मागचा डावा पाय लंगडत होता. सरांनी व्हिडिओ परतपरत पाहिला. "मादीला सोडायचं पत्र टाकतो," एवढंच म्हणाले.

पकडलेला बिबट्या सोडायला वरून परवानगी लागते. ती येईपर्यंत पावसाळा सरला. तोवर मादी खाण्याच्या बादलीचा आवाज ऐकून गजांपाशी यायला लागली होती. केंद्रातले जनावरांचे डॉक्टर म्हणाले, आता ही माणसांना सरावली, हिला जंगलात सोडता येणार नाही.

तेव्हापासून आमच्या रिपोर्टमध्ये मी 'चाल' असा एक रकाना घालतो. सर तो खोडत नाहीत. वाचतही नाहीत.