एवढे मटार सोलून देता का?

गिरणीच्या चाळींमागे भरणाऱ्या आमच्या जुन्या बाजारात परवा सकाळी आईचा हात माझ्या हातातून सुटला. हल्ली तिला घरचा पत्ता आठवत नाही, कधीकधी स्वतःचं नावही. सुकटवाल्या बायकांना, जुने कपडे विकणाऱ्यांना विचारत मी दोन फेऱ्या मारल्या.

शेवटी ती दिसली, एका भाजीवालीच्या गोणपाटावर. मांडीवर सूप घेऊन मटार सोलत बसली होती.

"रस्त्यात भांबावून उभ्या होत्या," भाजीवाली म्हणाली. "नाव विचारलं तर रडायलाच लागल्या. मग म्हटलं, आक्का, एवढे मटार सोलून देता का? लगेच बसल्या."

मी तिथेच मटकन बसले. जिवात जीव आला होता. डॉक्टर, नातेवाईक, आम्ही मुलं, सगळे तिला काय आठवतं तेच विचारत राहतो. या अनोळखी बाईनं तिला काम दिलं होतं, आणि कितीतरी दिवसांनी आईचा चेहरा शांत होता.

"आई, घरी जाऊ या," मी म्हटलं.

"थांब जरा," ती म्हणाली, "एवढे संपू देत."

मग मीही एक शेंग उचलली.