फुगेना तो पंधरा पौंडांपर्यंत

पाण्यावर उभं राहायला आधी भरपूर हवा लागते, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून आमच्या मुलीनं, मुक्तानं, बंगळुरूहून एक भलंमोठं पार्सल पाठवलं. उघडलं तर आत निळ्या रबरी कापडाची जाडजूड गुंडाळी, एक वल्हं आणि एक हातपंप. ती गुंडाळी हवा भरून फुगवायची, की तिची फळी होते. मग त्या फळीवर उभं राहायचं आणि वल्हं मारत पाण्यात फिरायचं. पॅडल बोर्ड म्हणतात त्याला. सोबत चिठ्ठी होती, ‘आता तरी दोघं घराबाहेर पडा.’ (लोकांच्या मुली चांदीचं भांडं देतात. असो.)

आम्ही बाहेर पडलो ते पार्किंगपर्यंत. तिथं बोर्ड पसरला आणि माझा नवरा शिरीष हातपंपावर उभा राहिला. पहिली काही मिनिटं तो शिट्टी वाजवत होता. मग शिट्टी बंद झाली. मग त्यानं शर्टाची वरची बटणं सोडली. बोर्ड छान फुगलेला दिसत होता, पण पंपावरचा काटा शून्यावर आडवा पडून होता. मी पुढं झाले. खालच्या मजल्यावरचे देवरे काका गच्चीतून वाळवण काढून आणत होते, ते थांबले आणि आमच्या दोघांच्या वर-खाली होणाऱ्या डोक्यांकडे बराच वेळ पाहत राहिले.

“बोअर घेताय का?” त्यांनी विचारलं.

काटा कसाबसा चार पौंडांवर आला तेव्हा शिरीष बोर्डावरच आडवा झाला आणि म्हणाला, “मंजू, मला इथंच राहू दे.” बोर्डाला हवेचा दाब लागतो पंधरा पौंड, असं त्यावर लिहिलेलं होतं.

मुक्ताचा फोन आला. “आई, मी रविवारी येतेय. आपण धरणाच्या बॅकवॉटरला जाऊ. आणि हातानं काय भरताय? विजेवर चालणारा छोटा पंप मिळतो, तो घ्या.”

इथं आमच्या घराविषयी दोन गोष्टी सांगायला हव्यात. शिरीषचं द्राक्षबागांच्या फवारणी यंत्रांचं दुकान आहे, म्हणजे आयुष्यभर तो पंपच विकत आलाय. आणि मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. दाब हा माझा आवडता धडा. तेव्हा एक पंप निवडणं ही आमच्यासाठी चहाच्या वेळेत उरकायची गोष्ट होती. निदान आम्हाला तसं वाटलं होतं.

“पंपातलं मला कुणी शिकवू नये,” असं म्हणून शिरीष दुसऱ्याच दिवशी एक पंप घेऊन आला. सुबक, हलका, वाटीएवढ्या तोंडाचा. लावताच बोर्ड बघता बघता फुगला. शिरीषनं विजयी मुद्रेनं माझ्याकडे पाहिलं. मी बोर्डावर बोट टेकवलं. बोट आत गेलं. मिसळीबरोबरच्या पावात जातं तसं, अगदी सहज.

“हा गादी फुगवायचा पंप आहे,” मी म्हटलं.

“हवा भरली की नाही भरली?”

“भरली. पण दाब नाही. हवा किती भरली हे वेगळं आणि ती किती दाबून भरली हे वेगळं. एसटीत माणसं बसणं आणि यात्रेच्या दिवशी माणसं बसणं, यात फरक असतो ना?”

“म्हणजे दाबाचा पंप पाहिजे,” शिरीष म्हणाला. “मग आधी सांगायचं.”

तो पुन्हा गेला आणि गाडीच्या टायरमध्ये हवा भरायचा पंप घेऊन आला. त्याची नळी करंगळीएवढी आणि बोर्डाचं तोंड वाटीएवढं. मग त्या दोन्हींचा संसार जुळवायला एक प्लास्टिकची टोपी आणली गेली. टोपी बसली, पंप सुरू झाला. दाब होता, यात वाद नाही; पण हवा येत होती ती कंजूष माणसाच्या हातून दक्षिणा सुटावी तशी. आम्ही जेवलो. भांडी झाली. पंप घरघरतच होता आणि बोर्ड अजून चादरच होता. मग जळका वास आला, आणि पंपाला हात लावून शिरीषनं तो हात तोंडात घातला.

माझ्या सासूबाई हे सगळं खुर्चीत बसून बघत होत्या. त्या मूळच्या नामपूरच्या. नाशकात येऊन जन्म गेला, तरी कुणाची फजिती बघताना त्यांची माहेरची बोली वर येते.

“हाई काय शे?” त्यांनी विचारलं.

“आई, याच्यावर उभं राहून पाण्यात जायचं.”

“विहिरीत आम्ही नुसत्याच उड्या मारायचो,” सासूबाई म्हणाल्या. थोडं थांबून त्यांनी पुढं जोडलं, “रविवारी मी पण येणार. मी बसणार त्याच्यावर.”

झालं. आतापर्यंत तो आमच्या हौसेचा प्रश्न होता. आता त्यावर सासूबाई बसणार होत्या. मी शिरीषला दुकानात जायला सांगितलं आणि पंपाचं काम माझ्या हातात घेतलं.

पुढचे काही दिवस मी कॉलेजमधून आल्यावर दुसरं काही केलं नाही. पंप दोन टप्प्यांचा हवा, हे मला कळलं: आधी भसाभस हवा भरणारा आणि मग आवाज बदलून दाब देणारा. ठरवलेला दाब आला की आपोआप बंद होणारा हवा. हवा काढूनही घेणारा हवा, नाहीतर तो बोर्ड परत पिशवीत कोण घालणार? काही पंपांना स्वतःची बॅटरी असते, काही गाडीतल्या सिगारेट लायटरच्या खाचेत वायर खुपसून चालतात. मी लोकांची मतं वाचली. एकानं लिहिलं होतं, ‘उत्तम पंप.’ दुसऱ्यानं त्याच पंपाबद्दल लिहिलं होतं, ‘कानाचे पडदे गेले.’ तिसऱ्यानं पाच तारे देऊन लिहिलं होतं, ‘अजून वापरला नाही.’ रात्रीच्या जेवणात मी वरण वाढत वाढत शिरीषला एका पंपाचे गुण सांगत असे आणि भात येईपर्यंत तो पंप नापास झालेला असे.

“घे ना कुठलाही,” तो वैतागून म्हणाला.

“कुठलाही घेऊन बघितलाय आपण. दोनदा.”

शेवटी मी गाडीवर चालणारा निवडला. बॅटरीचा पंप चार्ज करायला आपण विसरणार, गाडी मात्र कुठं जाणार नाही, असा माझा मुद्दा होता. (हा मुद्दा पुढं फारच खरा ठरला. गाडी खरोखर कुठंही गेली नाही.)

रविवारी आम्ही चौघं गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला पोहोचलो. ऊन कोवळं होतं, पाणी शांत होतं, काठावर बगळे होते, थोडी इतर मंडळीही होती. पाण्यापाशी चिखल असल्यानं गाडी वर उभी करावी लागली. पंपाची वायर खाली पोहोचेना, म्हणून शिरीष बोर्डाची गुंडाळी घेऊन पुन्हा चढ चढला. तो काही बोलला नाही. पंचवीस वर्षांत माणूस शिकतो.

“इंजिन चालू ठेवू का?” त्यानं विचारलं.

“कशाला? उगाच धूर. मी हिशोब केलाय, बॅटरी पुरते.”

मी नळी जोडली, बटण दाबलं. पंपानं असा काही टाहो फोडला की सगळे बगळे एकदम उडाले आणि पलीकडं सतरंजी टाकून बसलेलं एक कुटुंब उठून उभं राहिलं. मी मुक्ताला आवाजावर आवाज चढवून समजावू लागले, की हा पहिला टप्पा, यात नुसती हवा, दाब पुढच्या टप्प्यात. मुक्ता मोबाइलवर चित्रण करत होती. गाडीतली गाणीही तिनं मोठ्यानं लावली होती, ती कुणालाच ऐकू येत नव्हती.

बऱ्याच वेळानं सासूबाई बोर्डाकडं वाकून म्हणाल्या, “मंजू, हे फुगतंय का निजतंय?”

मी पाहिलं. मघाशी निदान सैलसर पडलेला बोर्ड आता उन्हात वाळलेल्या आमसुलासारखा आवळून आला होता. पंपाला दोन तोंडं होती, एक हवा सोडणारं, एक हवा ओढणारं. नळी दोन्हींना बसत होती. पुढचं सांगत नाही. बोर्डाच्या तोंडात भरलेली हवा अडवणारी एक पिन असते, तीही मी उलटीच दाबून ठेवली होती, एवढंच सांगते, कारण ते चित्रणात दिसतंच.

“आई, दाब हा तुझा आवडता धडा ना?” मुक्तानं विचारलं.

“तू गाणी बंद कर,” मी म्हटलं.

नळी बदलली. पिन सुलटी केली. आता बोर्ड खरोखर फुगू लागला. मग पंपाचा आवाज बदलला, जाड झाला, आणि मला इतका आनंद झाला की मी शिरीषचा दंड धरला. “दुसरा टप्पा,” मी म्हटलं. शिरीषनंही मान डोलावली. अजून थोडा वेळ गेला, आणि पंप आपोआप बंद झाला.

“बघितलंत?” मी सगळ्यांकडे वळून म्हटलं. “हेच या पंपाचं वैशिष्ट्य. पंधरा पौंड झाले की स्वतःच थांबतो.”

पंपावरचा आकडा उन्हात दिसत नव्हता. पंप हाताला चटका बसेल इतका तापला होता. माझ्या वर्गातल्या कुठल्याही मुलानं या दोन गोष्टींवरून काय ते ओळखलं असतं. पंप पंधरा पौंडांना थांबला नव्हता. तो तापून, दमून, जीव वाचवायला थांबला होता. पण मी पंपावर इतके दिवस घालवले होते, की त्याच्याबद्दल वाईट काही माझ्या मनात येऊच शकलं नाही.

बोर्ड पाण्यात उतरवला आणि सासूबाईंना तरंगायचं जॅकेट घातलं. त्या बोर्डाच्या मधोमध मांडी घालून बसल्या, साडीचा पदर जॅकेटात खोचला आणि वल्हं हातात घेतलं. शिरीष कमरेएवढ्या पाण्यात दोरी धरून उभा होता. त्यांनी वल्ह्याचा एक हात मारला, मग दुसऱ्या बाजूनं एक. बोर्ड सरसरत पुढं गेला. त्यांनी मागं वळून बघितलंही नाही. दोरी संपली तेव्हा म्हणाल्या, “सोड रे.”

“नाही सोडणार, आई.”

“तुझे वडीलही असेच होते,” त्या म्हणाल्या, आणि दोरीच्या टोकानं गोल फिरत राहिल्या. सतरंजीवरच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. एवढ्यासाठी केलेली सगळी यातायात सार्थकी लागली, असं वाटलं. तिथंच आम्ही थांबायला हवं होतं.

“आता मंजू,” सासूबाई काठावर उतरत म्हणाल्या.

मी बसून जाणार नव्हते. बोर्ड उभं राहण्यासाठी असतो. मी आधी गुडघ्यांवर बसले, मग एक पाय टेकवला, मग दुसरा, आणि हळूहळू सरळ उभी राहिले. एक क्षण मी पाण्यावर उभी होते. समोर डोंगर होते. मग बोर्डाची दोन्ही टोकं पाण्यातून वर उठताना दिसली. मला वाटलं लाट आली. लाट नव्हती, बोर्ड माझ्या पायांखाली मधोमध दुमडत होता, आणि पुढचं टोक मला नमस्कार केल्यासारखं जवळ येत होतं. बसलेल्या सासूबाईंना तोलून धरणाऱ्या हवेला उभी मी पेलवेना. मी काही बोलणार इतक्यात मी पाण्यात बसले होते, आणि बोर्ड माझ्या डोक्यावरून पलीकडं सटकला होता.

बाहेर आले तेव्हा सगळे अतिशय गंभीर चेहऱ्यानं उभे होते. कुणी हसत नव्हतं. तेच जास्त लागलं.

ओल्या कपड्यांनी घरी जावं म्हणून शिरीषनं गाडीची चावी फिरवली. गाडीनं ‘टिक’ असा आवाज केला. पुन्हा ‘टिक’. माझा हिशोब तसा बरोबर होता. फक्त आमची बॅटरी म्हातारी होती आणि पंपाबरोबर गाणीही चालू होती, हे त्यात धरलेलं नव्हतं.

शेवटी सतरंजीवरचे गृहस्थ स्वतःची जीप वर घेऊन आले आणि दोन्ही गाड्यांना केबल लावू लागले. फार सभ्य माणूस. काम करता करता त्यांनी सांगितलं, की त्यांनाही असाच बोर्ड घ्यायचाय आणि पंप कुठला घ्यावा ते सुचत नाही. मग काय! टॉवेल गुंडाळून, केसांतलं शेवाळ काढत मी त्यांना दोन टप्पे सांगितले, दाब आणि हवा यांतला फरक सांगितला, एसटीचं उदाहरण दिलं. त्यांनी सगळं मन लावून ऐकून घेतलं. मग जरा घुटमळून विचारलं, “मॅडम, राग मानू नका. पण मघाशी तुम्ही पडलात, ते या पंपामुळं का?”

शिरीषनं माझ्याकडे पाहिलं. मुक्तानं पाहिलं. एका शब्दात माझी सुटका होती. पण तो पंप मी निवडला होता.

“छे,” मी म्हटलं, “ते माझ्या वजनामुळं.”